स्पॅनिश बोलायला सोबत कुठून आणायची? लातूरच्या एका मुलीला उत्तर

प्रश्न असा आहे: "मॅडम, मी लातूरची. बी.कॉम. झालंय. आठ महिन्यांपासून मोबाईलवर स्पॅनिश शिकतेय. साधे परिच्छेद वाचून कळतात, पण कुणी समोर बोललं की तोंडच उघडत नाही. माझ्या ओळखीत स्पॅनिश बोलणारं कुणीच नाही. सरावाला जोडीदार कुठे शोधू आणि अभ्यास कसा करू? आणि परदेशातल्या माणसाला सांगण्यासारखं माझ्याकडे काय आहे, असंही वाटतं."

तुला 'तू'च म्हणते, माझ्या वर्गातल्या मुलींच्याच वयाची आहेस. छत्रपती संभाजीनगरात मी अठरा वर्षं स्पॅनिश शिकवतेय. मधली काही वर्षं पर्यटकांबरोबर आणि कारखान्यांत आलेल्या पाहुण्यांबरोबर दुभाषी म्हणूनही काम केलं. तुझ्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. त्याच्याकडे येते, पण आधी तोंड का उघडत नाही ते बघू, कारण ते न समजता जोडीदार शोधलास तर दुसऱ्याच कॉलला दोघी गप्प बसाल.

माझं तोंड असंच एकदा बंद पडलं होतं. वेरूळला, सोळा नंबरच्या लेण्यात, कैलासाच्या अंगणात. ऑगस्ट महिना, आभाळ भरून आलेलं. मोठ्या शहरात जाऊन वर्षभराचा क्लास केला होता, परीक्षेत चांगले मार्क होते. अर्जेंटिनाचं एक वयस्कर जोडपं आमच्या गटात होतं. बाईंनी वर बघत मला विचारलं, "शुएवे मुचो आका?" मला एक अक्षर कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आभाळाकडे बोट दाखवलं, आणि मी इंग्रजीत म्हणाले, "येस, रेन." त्या गोड हसल्या आणि पुढचा सगळा वेळ माझ्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीतच बोलल्या.

बसमध्ये बसल्यावर उलगडा झाला. 'पाऊस पडतो' याला स्पॅनिशमध्ये 'युएवे' म्हणतात, हे मला पाठ होतं. बुएनोस आयरेसकडची माणसं त्या 'य'चा 'श' करतात, एवढाच फरक. शब्द मी वहीत शंभर वेळा लिहिला होता, पण तो माझ्यासाठी स्पेलिंग होता, आवाज नव्हता. शिवाय त्याच्या आणि माझ्या मध्ये इंग्रजी उभी होती. कानावर पडलेला आवाज आधी स्पेलिंगमध्ये, मग इंग्रजीत, मग मराठीत, आणि उत्तर त्याच वाटेने परत. एवढ्या फेऱ्या होईपर्यंत समोरचा माणूस थांबत नाही. उत्तर तर मराठवाड्यातल्या कुठल्याही पोराच्या जिभेवर असतं: इथे पाऊस कमीच पडतो. 'आकी युएवे पोको.' तीन शब्द.

म्हणून पहिलं काम हेच, मधली इंग्रजी काढून टाक. तुझ्या अ‍ॅपमध्ये सूचना इंग्रजीत आहेत, व्याकरणाचे व्हिडिओ इंग्रजीत आहेत, त्यामुळे आपण नकळत इंग्रज माणसाच्या अडचणी आपल्या समजून बसतो. त्यातल्या निम्म्या अडचणी मराठी माणसाला नसतातच.

उदाहरण देते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला 'मे गुस्ता' महिनाभर छळतं, कारण त्याच्या भाषेत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो. आपण काय म्हणतो? मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. आवडणारी वस्तू कर्ता, क्रियापद तिच्यामागे. स्पॅनिशमध्ये अगदी हेच: 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. यात शिकण्यासारखं काही उरतच नाही, फक्त शब्द बदलायचे.

दुसरं. 'मी घर बघते' म्हणताना 'घराला' म्हणत नाहीस, पण 'मी आईला बघते' म्हणताना 'ला' आपोआप येतो. स्पॅनिशमध्ये माणसाच्या आधी लागणारा 'आ' म्हणजे हाच 'ला': 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मि मामा'. तिसरं, भूतकाळाचे दोन प्रकार. 'लहानपणी आम्ही आजोळी जायचो' आणि 'काल आम्ही आजोळी गेलो' यातला फरक तुला कुणी शिकवला नाही. 'जायचो' म्हणजे 'ईबामोस', 'गेलो' म्हणजे 'फुइमोस'. आणि ज्याच्या नावाने विद्यार्थी घाबरतात तो सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-विनंतीसाठी बदलणारं क्रियापदाचं रूप? 'ती येते हे मला माहीत आहे' – 'से के ब्येने'. 'तिनं यावं असं मला वाटतं' – 'क्येरो के बेंगा'. 'येते'चं 'यावं' झालं तसं 'ब्येने'चं 'बेंगा' झालं. सगळ्या जागी हे इतकं तंतोतंत जुळत नाही, पण सुरुवातीची इच्छा, विनंती, आशीर्वाद यांची वाक्यं 'यावं-करावं-होवो'च्या आधाराने निघून जातात. आपल्याकडचं 'काय करायलीस?' – 'जेवायले' हेसुद्धा कामाला येतं. 'जेवायले' म्हणजे 'एस्तोय कोम्येंदो'. गावाकडच्या बोलीची लाज वाटत असेल तर ती इथेच सोड.

उच्चाराचंही तसंच. इंग्रजीच्या नादाने आपण 'टाको' म्हणतो. खरा शब्द 'ताको' आहे, दाताला जीभ लावून म्हणायचा स्वच्छ मराठी 'त'. 'द'सुद्धा आपलाच, 'ड' नव्हे. दोन 'र' असलेला तो थरथरणारा आवाज जमत नाही म्हणून मुली रडकुंडीला येतात. त्यांना मी लहान बाळाशी बोलायला सांगते: चिमणी कशी उडाली? भुर्र! तोच आवाज. 'पेरो' म्हणजे 'पण', 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा'. आणि स्पॅनिशचा 'जे' (j)? तो घशातला ख़ आहे. मराठीत नाही, पण मराठवाड्यात तो गल्लोगल्ली आहे. संभाजीनगरच्या जुन्या भागात, नांदेडला, परभणीला उर्दू बोलणारे शेजारी 'ख़बर', 'ख़ाला', 'ख़ुल्दाबाद' म्हणतात तेव्हा नीट ऐक. मी हा आवाज एका नान-खलियावाल्या चाचांकडून शिकले. आठवडाभर रोज त्यांच्या गाडीपाशी उभी राहून 'ख़लिया' म्हणत होते. पुढे मेक्सिकोच्या एका पाहुण्याने विचारलं की हा आवाज कुठल्या संस्थेत बसवलास.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. एक, स्पॅनिशमध्ये आपला 'अ' नाही. 'उद्या' म्हणजे 'मान्याना', तिन्ही 'आ' सारखे आणि भरलेले, पण आपण घाईत 'मन्याना' म्हणून टाकतो. दोन, आघात. मराठीत तो बदलल्याने अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला त्याची सवयच नाही. 'आब्लो' पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर 'मी बोलते', शेवटच्या 'ओ'वर जोर दिला तर 'ती बोलली'. एवढ्याशा जोरावर कर्ता आणि काळ दोन्ही फिरतात. शब्द शिकतानाच जोर कुठे आहे ते ऐकून घे. फोर्वो या उच्चारांच्या संकेतस्थळावर त्या-त्या देशातल्या माणसाच्या तोंडून शब्द ऐकता येतो.

मराठी जिथे फसवते तेही सांगते. आपलं एकच 'आहे' तिथे दोन ठिकाणी वाटलेलं आहे. 'एस लिस्ता' म्हणजे ती हुशार आहे, 'एस्ता लिस्ता' म्हणजे ती तयार आहे. आंबा 'एस बेर्दे' म्हटलं तर तो रंगाने हिरवा, 'एस्ता बेर्दे' म्हटलं तर तो अजून कच्चा. नियम पाठ करून हे येत नाही, जोड्या-जोड्यांनी वाक्यं म्हणून येतं. शब्दांचा क्रमही उलटा लागतो: 'आईचं घर' हे 'घर, चं, आई' असं म्हणायचं. याला दोन-तीन महिने जातात. जाऊ दे.

आता अभ्यास. आठ महिने तू जे केलंस ते वाया गेलं नाही, पण ते ओळखण्याचं काम होतं. चार पर्यायांतून बरोबर वाक्य ओळखणं वेगळं आणि समोर काहीच नसताना वाक्य उभं करणं वेगळं. दुसऱ्याची सवय करायची तर एक दोनशे पानी वही घे. डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्या पानावर स्पॅनिश. इंग्रजी कुठेही नाही. आणि वाक्यं पुस्तकातली नकोत, तुझ्या दिवसातली हवीत. 'मी पॅरिसला जाते' हे वाक्य तुला या वर्षी लागणार नाही. 'आज पाणी आलं नाही', 'भाऊ नीटची तयारी करतोय', 'शेजारच्या काकूंना सगळं विचारायची सवय आहे', 'सोयाबीनला भाव नाही' ही लागतील. रोज पाच वाक्यं. अडलं तर शब्दकोश बघ, बरोबर आहे का शंका आली तर पेन्सिलीने खूण कर, ती जोडीदाराला विचारायची. स्पॅनिश भाग देवनागरीत लिहू नकोस. इथे मी वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी तसं करतेय. वहीत मूळ लिपीच हवी, वरती जोराची खूण हवी तर कर.

संध्याकाळी उजवं पान झाकायचं आणि डावं पान बघत मोठ्याने बोलायचं. मनातल्या मनात नाही. जीभ, ओठ, श्वास यांनाही शिकायचं असतं. घरात संकोच वाटत असेल तर गच्चीवर जा. जी वाक्यं पुन्हापुन्हा निसटतात तेवढीच अँकी या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये टाक, अँड्रॉइडवर ते फुकट आहे. सगळी वही त्यात ओतलीस तर पंधरा दिवसांत त्याचं ओझं होईल आणि तू ते उघडायचं बंद करशील. हे मी दरवर्षी कुणाचं ना कुणाचं बघते.

ऐकण्यासाठी रोज अर्धा तास. यूट्यूबवर ड्रीमिंग स्पॅनिश आहे. तिथे शिक्षक चित्रं काढत, हातवारे करत फक्त स्पॅनिशमध्ये बोलतात, अगदी नवशिक्यापासून पुढच्या पायऱ्या आहेत. तुला जवळजवळ सगळं कळेल अशीच पायरी निवड. 'थोडं अवघड बघितलं तर लवकर येईल' हा समज खोटा आहे. कळत नसलेला आवाज म्हणजे पंख्याचा आवाज. रेडिओ आंबुलान्ते हे लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या माणसांच्या गोष्टी सांगणारं पॉडकास्ट फार सुंदर आहे, त्याचा लिखित मजकूरही मिळतो, पण ते वर्षभराने. आठवड्यातून दोनदा दोन मिनिटांचा एखादा तुकडा घेऊन बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्याच चालीत, सावलीसारखं बोलत जा. वारकरी अभंग कसा शिकतो? विणेकऱ्याच्या मागे म्हणत म्हणत. तसंच.

कुठल्या देशाची स्पॅनिश? पहिलं वर्ष एकाच ठिकाणचे आवाज जास्त ऐक. मी नवशिक्यांना मेक्सिको किंवा कोलंबिया सुचवते, तिथलं बोलणं बऱ्याच जणींना लवकर उलगडतं. स्पेनच्या बहुतेक भागांत काही शब्दांमध्ये 'स'च्या जागी जीभ दातांत धरून 'थ'सारखा आवाज काढतात, तो ओळखता आला की पुरे.

आता सोबत. सगळे आधी परदेशी जोडीदार शोधतात. मी म्हणेन, पहिली सोबत लातूरमध्येच शोध. शिकणारी, तुझ्याच पातळीची, किंवा थोडी मागेसुद्धा चालेल. 'दोघींच्या चुका एकमेकींना लागतील' अशी भीती घालणारे भेटतील. अठरा वर्षांत चुका लागून कुणी बिघडलेलं मी बघितलं नाही, गप्प राहून भाषा सोडून दिलेल्या मुली मात्र पुष्कळ बघितल्या. लातूरला अभ्यासिकांची काय कमी? तिथल्या फलकावर, कॉलेजच्या ग्रंथालयात, ओळखीच्यांच्या ग्रुपवर चार ओळी टाक: स्पॅनिश शिकणारी कुणी असेल तर रविवारी सकाळी तासभर भेटू. चोवीस लाखांहून मोठ्या वस्तीच्या जिल्ह्यात अ‍ॅपवर एकटीने शिकणारी तू एकटीच असशील असं मला वाटत नाही. कुणी मिळालीच नाही तर नांदेड, परभणी, धाराशिव, बीड, जिथली मिळेल तिच्याशी फोनवर.

भेटलात की एकच नियम ठेवा: अडलं तर मराठी चालेल, इंग्रजी नाही. 'कोमो से दीसे कंटाळा आला?' (म्हणजे 'कंटाळा आला' कसं म्हणतात?) असं अर्धं स्पॅनिश अर्धं मराठी बिनधास्त बोला. आणि पहिल्याच भेटीत चार शब्द तोंडात बसवा: 'ओ सेआ' म्हणजे आपलं 'म्हणजे', 'आ बेर' म्हणजे 'बघू', 'पुएस' म्हणजे 'तर, मग', 'एस के' म्हणजे 'त्याचं असं आहे की'. विचार करायला वेळ हवा असतो तेव्हा आपण मराठीतही हेच करतो ना? माझ्या निम्म्या विद्यार्थिनींचं तोंड या चार शब्दांनी उघडलं. पुढचं वाक्य सापडेपर्यंत आवाज चालू राहतो आणि समोरची व्यक्ती थांबते.

मग लांबची सोबत. टँडम, हॅलोटॉक ही अ‍ॅप भाषेची देवाणघेवाण करणाऱ्यांसाठीच आहेत. तू तिला इंग्रजीत मदत करायची, तिने तुला स्पॅनिशमध्ये. लॅटिन अमेरिकेत इंग्रजी बोलायला सोबत हवी असणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. तुझी इंग्रजी 'फार चांगली' नसली तरी चालते, तिला ऐकून घेणारं माणूस हवं असतं, प्राध्यापक नव्हे.

मुलगी म्हणून काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घे. काही लोक भाषेच्या नावाखाली वेगळ्याच हेतूने येतात. फक्त स्त्रियांशीच संपर्क ठेवण्याची सोय अशा अ‍ॅपमध्ये असते, ती शोधून चालू कर. पहिला महिना बोलणं अ‍ॅपमध्येच ठेव. फोन नंबर, घराचा पत्ता, कॉलेजचं नाव, रोजची जायची-यायची वेळ काहीही देऊ नकोस. कुणी पैशाचा, भेटवस्तूचा, पार्सलचा विषय काढला की त्याच क्षणी ब्लॉक. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून थांबायचं नाही. आणि घरी आईला माहीत असू दे की तू कुणाशी काय बोलतेस.

वेळेचं गणित सोपं आहे. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा बोगोता आणि लिमामध्ये आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ, मेक्सिको सिटीत संध्याकाळचे सात, बुएनोस आयरेसला रात्रीचे दहा. त्यांची कामं आटोपलेली, आपला दिवस सुरू व्हायचा. स्पेन हवं असेल तर आपली रात्र: साडेनऊला तिथे हिवाळ्यात संध्याकाळचे पाच, उन्हाळ्यात सहा. पहाटे उठणाऱ्या मुलीला लॅटिन अमेरिका, रात्री जागणारीला स्पेन, एवढ्यावरून देश ठरवलास तरी हरकत नाही, कारण वेळ जमली नाही की मैत्रीही टिकत नाही.

आणि आता तुझं ते वाक्य, सांगण्यासारखं माझ्याकडे काय आहे.

माझी एक विद्यार्थिनी लातूरचीच होती. तिलाही हेच वाटायचं. मेक्सिकोच्या माँतेर्रेई शहरातली एक मुलगी तिला जोडीदार म्हणून मिळाली. पहिल्या दोन कॉलमध्ये 'तुझा आवडता रंग कोणता, भावंडं किती' एवढंच झालं आणि दोघींना कंटाळा आला. हे 2022 सालचं. त्या उन्हाळ्यात माँतेर्रेईत पाण्याचे भयंकर हाल होते, शहराला पाणी देणारं सेर्रो प्रिएतो धरण जवळजवळ कोरडं पडलं होतं. तिसऱ्या कॉलला ती मुलगी उशिरा आली आणि म्हणाली, "नो आय आग्वा." पाणी नाही. आमच्या मुलीला हे वाक्य भाषांतर करून समजून घ्यावं लागलं नाही. मराठीत जसं तसंच स्पॅनिशमध्ये, दोन्हीकडे कर्ता शोधायची गरज नाही. तिने सांगितलं, आमच्याकडेही. 2016 च्या एप्रिलमध्ये आमचं मांजरा धरण आटलं होतं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं. समोरच्या मुलीला खरंच वाटेना. "रेल्वेने? पाणी?" तिने आईला बोलावलं, आईने आजीला.

तो कॉल पंधरा मिनिटांचा ठरला होता, सव्वा तास चालला. त्या दिवशी आमची मुलगी जे शब्द शिकली ते तिला आजही झोपेतून उठवलं तरी येतील. मेक्सिकोत पाण्याच्या टँकरला 'पिपा' म्हणतात, गच्चीवरच्या टाकीला 'तिनाको', बादलीला 'कुबेता', आणि आळीपाळीने पाणी सोडण्याला 'तांदेओ'. तिने त्यांना हंडा दाखवला. आजी म्हणाली, हा तर 'कांतारो'! आणि मग सांगितलं की धो धो पाऊस पडतो तेव्हा आम्ही 'युएवे आ कांतारोस' म्हणतो, घागरींनी पाऊस पडतोय. दोन्ही घरांत तेव्हा पावसाची वाट बघणं चालू होतं. हे शब्द कुठल्याही पहिल्या वर्षाच्या पुस्तकात मला आढळले नाहीत.

तर सांगण्यासारखं काय नाही तुझ्याकडे? लातूरच्या बाजारातली तूर घे. तीच तूर पोर्तो रिकोत 'गांदुलेस' म्हणून भातात शिजवतात आणि सणासुदीला त्या भाताशिवाय चालत नाही. आपली ज्वारीची भाकरी आणि त्यांची मक्याची तोर्तिया दोन्ही हातावर थापून होतात. तुझी आई भाकरी थापताना दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून बघ, मेक्सिकोची मुलगी दहा प्रश्न विचारेल. बीडच्या बालाघाटातलं सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं, क्युबात त्याला 'आनोन' म्हणतात. वाळूजला बनणारी बजाजची रिक्षा पेरूच्या रस्त्यांवर 'मोतोताक्सी' म्हणून धावते. या प्रत्येक गोष्टीवर अर्धा तास बोलता येतं आणि त्यातलं निम्मं तू आधी वहीत तयार करू शकतेस. असं एकेका विषयावर दहा-बारा वाक्यांचं बोलणं तयार ठेव: माझं घर, आमचं पाणी, आमचं जेवण, मी स्पॅनिश का शिकतेय. बोलता बोलता बुडायला लागलीस की पोहत या तयार बोलण्याच्या बेटावर यायचं, दम घ्यायचा, पुन्हा पाण्यात.

पहिला संदेश नीट लिही. नुसतं 'ओला (म्हणजे हॅलो), कशी आहेस' लिहिणाऱ्यांना उत्तर येत नाही, कारण त्यावर काय बोलावं हे समोरच्यालाही सुचत नाही. तू कुठली, किती महिने शिकतेस, इंग्रजीत मदत करशील, आठवड्यातून दोन वेळा अर्धा तास चालेल का, आणि शेवटी एक खरा प्रश्न. 'तुमच्याकडे पाण्याच्या टँकरला काय म्हणतात?' हाच विचार. माझ्या अनुभवात दहा जणींना लिहिलं तर दोघी टिकतात. बाकीच्या गप्प झाल्या तर तो अपमान समजू नकोस, त्यांचंही कॉलेज असतं, नोकरी असते.

सुरुवात थेट कॉलने करू नको. पहिले दोन आठवडे आवाजी संदेश पाठव. ते पुन्हा ऐकता येतात, चुकलं तर पुसून पुन्हा बोलता येतं, आणि नेट किंवा लाइट गेली तरी काही अडत नाही. कॉल सुरू झाले की घड्याळ लावून पंधरा मिनिटं स्पॅनिश, पंधरा मिनिटं इंग्रजी. हे घड्याळ फार महत्त्वाचं. ते नसलं की जिची भाषा बरी असते तिच्याच भाषेत सगळा वेळ जातो आणि दुसरी महिनाभराने नाराज होऊन निघून जाते. बोलताना मध्ये चुका सांगायच्या नाहीत. ऐकणारीने कागदावर लिहून ठेवायच्या आणि शेवटी फक्त तीन सांगायच्या. त्या तीन तू वहीत बरोबर करून लिहायच्या आणि पुढच्या कॉलला मुद्दाम वापरायच्या. समोरची मुलगी ते ऐकते, खूश होते, आणि आपली मेहनत वाया जात नाही म्हणून टिकते. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळव. मैत्री टिकवण्यात व्याकरणापेक्षा याचा वाटा मोठा आहे.

जोडीदार मात्र शिक्षक नसतो. 'असं का?' विचारलंस तर ती म्हणेल, 'आम्ही असंच बोलतो.' आपल्यालाही कुणी 'मी केलं' आणि 'मी गेले' यात फरक का विचारलं तर कुठे सांगता येतं? अशा शंका साठवून ठेव आणि शक्य असेल तर पंधरा दिवसांतून एकदा पैसे देऊन तासभर शिक्षक घे. आयटॉकीसारख्या ठिकाणी प्रशिक्षित शिक्षकही मिळतात आणि नुसता बोलण्याचा सराव करून घेणारेही, दुसऱ्यांचं शुल्क सहसा कमी असतं. पैसे नसतील तर हे पुढे ढकल, सोबत आणि वही यांनी वर्ष निघतं.

वेरूळ-अजिंठ्याला जाऊन पर्यटकांशी बोलू का, असं बऱ्याच जणी विचारतात. ऑक्टोबर ते मार्चच्या दिवसांत स्पॅनिश बोलणारे गट येतात. सहलीला आलीसच तर जरूर बोल, पण गाईड माहिती सांगत असताना मध्ये जायचं नाही. चहाच्या टपरीपाशी, बसच्या रांगेत, हसून 'दे दोन्दे ब्येनेन?', म्हणजे 'कुठून आलात?', एवढं विचार. बोलायचं असेल तर ते बोलतील. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं, तेवढं बघून ये.

परीक्षेचं घाईने ठरवू नकोस. देले ही इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची परीक्षा, तिचं प्रमाणपत्र कायम चालतं. सिएले ही दुसरी परीक्षा संगणकावर होते, गुण हजारपैकी असतात आणि निकाल पाच वर्षं ग्राह्य धरतात. सेर्वान्तेसचं भारतातलं केंद्र दिल्लीत आहे, परीक्षेच्या जागा आणि तारखा त्यांच्या संकेतस्थळावर बघून घे. रीतसर पदवीच करायची इच्छा झाली तर तुला जवळ हैदराबादचं इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ पडतं, तिथे स्पॅनिश शिकवतात. पण आज तुझी अडचण प्रमाणपत्राची नाही, तोंड उघडण्याची आहे.

या रविवारपर्यंत वहीत पाण्याबद्दल बारा वाक्यं लिही: नळ कधी येतो, कोण भरतं, टाकी केवढी, उन्हाळ्यात काय होतं. ती पाठ न करता, तुझ्या बोलण्याच्या चालीत तीनदा रेकॉर्ड कर आणि तिसरं रेकॉर्डिंग कुणाला तरी पाठव. पहिला कॉल झाला की मला पुन्हा लिही. कुठे अडलीस ते वाक्य जसंच्या तसं लिही, चुकीसकट, म्हणजे नेमकं काय निसटतंय ते मला दिसेल.